यकृतकेची बाजू

१९८५ साली, शिमगा उलटल्यावर, माझ्या थोरल्या बहिणीच्या दिरांनी आपल्या गावच्या देवळात उभं राहून एका बोटभर लांबीच्या, मुळं नसलेल्या हिरव्या वनस्पतीसाठी देवाचा कौल मागितला. त्याआधी त्यांनी देवाकडे काही मागितल्याचं कोणाला आठवत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात बांधासाठी, कलमांसाठी, पाटाच्या पाण्यासाठी आणि मानाच्या नारळासाठी भांडलेली माणसं गावोगाव आहेत. पण खरवडून काढली तर एका टोपलीत मावेल अशा वनस्पतीसाठी सगळ्या गावाशी, सरकारी ओव्हरसियरशी आणि शेवटी देवाशी वाद घातलेला माणूस एकच होऊन गेला, आणि तो आमच्या नात्यात होता.

ताईचे दीर रत्नागिरीत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. लग्न केलं नव्हतं. गाडीतळाजवळ ताईच्या बिऱ्हाडातली मागची खोली त्यांची होती. अंगानं किरकोळ, आवाज खणखणीत, आणि नजर कायम जमिनीपासून वीतभर उंचीवर. या नजरेमुळे ते माणसांना चेहऱ्यावरून कमी आणि चपलांवरून जास्त ओळखत. कॉलेजात नवे प्राचार्य रुजू झाले, ओळख झाली, चहा झाला. दुसऱ्या दिवशी जिन्यात समोरासमोर आल्यावर दिरांनी त्यांना, आपण कोण, असं विचारलं. प्राचार्यांना राग आला. दिरांनी खुलासा केला की काल आपण काळ्या चपला घातल्या होत्या, आज तपकिरी आहेत, त्यामुळे गैरसमज झाला. या खुलाशानं राग गेला नाही, अशी माहिती आहे. गळ्यातल्या दोऱ्याला त्यांनी एक भिंग बांधलेलं असे. ते भिंग त्यांनी एस. टी. स्टँडच्या भिंतीला, पंचायत समितीच्या पायऱ्यांना, आणि एकदा ताईनं केलेल्या उकडीच्या मोदकालाही लावलं होतं. मोदकाच्या कळ्या सारख्या नाहीत, एवढं निरीक्षण नोंदवून त्यांनी तो खाल्ला. ताईनं पुढचा मोदक वाढला नाही.

त्यांचा खरा नाद तुलनेचा. कोणतीही एक वस्तू चांगली की वाईट, याला त्यांच्या लेखी अर्थ नव्हता. शेजारी दुसरी ठेवल्याशिवाय ते मत देत नसत. मासळीबाजारात दोन सुरमया समोर ठेवून ते उकिडवे बसत आणि डोळे, कल्ले, शेपटी अशा क्रमानं दोघींची पाहणी सुरू करत. विकणारी बाई त्यांना ओळखून होती. ती म्हणे, "तुमचं बघून होऊं दे सर, तवर मी ह्या इकतें," आणि खरोखर दोन्ही विकून टाके. दीर रिकामी पिशवी घेऊन घरी येत, पण कोणती सुरमई जास्त ताजी होती ते ताईला नक्की सांगू शकत. लग्नाचंही असंच झालं, असं ताईच्या सासूबाई सांगत. दोन मुली पाहिल्या होत्या, दोघींची तुलना मनासारखी पूर्ण व्हायच्या आत दोघींची लग्नं होऊन मुलंबाळं झाली. या माहितीला दुसरा दुजोरा मिळालेला नाही.

दुसरा हट्ट नावांचा. ज्याला नाव नाही त्याला कोणी वाचवत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते नाव मराठीत असलं पाहिजे, हाही आग्रह होता. पावसाळ्यात दगडावर जे काही हिरवं उगवतं त्या सगळ्याला आपण शेवाळ म्हणतो, याचा त्यांना मनस्वी त्रास होई. शेवाळ वेगळं, हरिता वेगळी, यकृतका वेगळी. सगळ्यांना एका नावानं हाक मारणं म्हणजे वाडीतल्या प्रत्येकाला 'अरे माणसा' म्हणण्यासारखं आहे, असं ते एस. टी.तल्या कंडक्टरलाही समजावत. एकदा मागीलदारी न्हाणीच्या दगडावरून ताईचा पाय घसरला आणि शेवाळावरून पडले, असं ती ओरडली. दीर धावत आले, ताईला ओलांडून दगडाशी वाकले, भिंग लावलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. हे शेवाळच आहे." मग त्यांनी तिला हात दिला.

रत्नागिरीहून एस. टी.नं तासाभरावर, आत डोंगराकडे त्यांचं गाव. गावाच्या दोन वाड्यांमधून एक पऱ्या वाहतो. त्या पऱ्याच्या काठी त्यांना आपल्या आयुष्यातल्या दोन गोष्टी सापडल्या होत्या. वरच्या अंगाला, जिथं पऱ्या जांभ्याच्या दोन भिंतींमधून अरुंद होऊन येतो, तिथं सावलीतल्या ओल्या भिंतीवर ती यकृतका होती: पातळ, चपटी, पालीच्या अंगासारखे बारीक ठिपके असलेली. खालच्या अंगाला देवरहाटीत, म्हणजे देवाच्या राखीव रानात, वठलेल्या किंजळाच्या खोडावर अळंबीच्या जातीतलं एक कवक यायचं. पणतीएवढ्या वाट्या, आतून शेंदरी, भाद्रपदात दिसत आणि नवरात्रापर्यंत नाहीशा होत. दोन्ही दुसरीकडे कुठं असल्याचं त्यांच्या पाहण्यात नव्हतं, आणि पाहण्यासाठी त्यांनी सुट्टीतले सगळे दिवस घातले होते. या दोघांची तुलना हा त्यांचा वर्षानुवर्षं चाललेला उद्योग होता. कवक धोक्यात आहे आणि यकृतका संकटात आहे, असं ते म्हणत. ताईनं एकदा विचारलं की दोन्हींत फरक काय. दीर म्हणाले, धोका म्हणजे पूर आला तर घर जाईल. संकट म्हणजे पाणी उंबऱ्याला लागलंय. चिपळूणच्या कोणालाही विचार, तो फरक सांगेल.

१९८४ च्या पावसाळ्यात या पऱ्यावर साकव बांधायला मंजुरी आली. साकव म्हणजे पायी जाण्यापुरता छोटा पूल, आणि तो या गावाला हवा होता. आदल्या आषाढात सरपंचांच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा पऱ्या दुथडी भरून चालला होता. पाणी उतरेपर्यंत तिला डोलीत घालून अलीकडेच थांबवावं लागलं. ती वाचली, मूल वाचलं नाही. त्यामुळे साकव हवा की नको, यावर गावात चर्चाच नव्हती, आणि दिरांनीही ती कधी काढली नाही. प्रश्न जागेचा होता. ओव्हरसियरनं पाहणी करून सांगितलं की साकवाला पाया मिळेल अशा जागा दोनच आहेत: वरची जांभ्याची भिंत, नाहीतर खालची देवरहाटीची कड. वर बांधला तर भिंत फोडावी लागणार, खाली बांधला तर झाडं काढावी लागणार, आणि त्यात तो वठलेला किंजळ पहिला. सरपंच रत्नागिरीला आले तेव्हा मुद्दाम घरी आले आणि म्हणाले, सर, तुमी शिकलेले, दोनीतली एक जागा सांगा, आमी तीच धरतो.

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना तुलनेचा निकाल मागितला होता, आणि मुदत घालून मागितला होता. पाऊस संपेपर्यंत ताईच्या घरात दुसरा विषय निघाला नाही. सकाळी कवक पुढे असे, रात्रीच्या जेवणाला यकृतका. ताईनं, दोन्हींची भाजी होत नाही, मग काय फरक पडतो, असं म्हणून पाहिलं. त्यावर भाजी होणं ही कसोटी धरली तर आपल्यातही फारसं कोणी टिकणार नाही, असं उत्तर आलं. शेवटी निकाल लागला तो असा. कवक ज्या खोडावर राहतं तेच खोड ते खातं. स्वतःचं घर संपवून ते एक दिवस जाणार, आणि त्याची बीजं वाऱ्यावर उडून कदाचित दुसरं खोड शोधतीलही. यकृतका भिंतीचं काही घेत नाही. कोणी भिंत फोडली नाही तर ती तिथं हजार वर्षं राहील. आणि तिला जाता कुठंच येत नाही. ताई जेवायला बोलावत होती, म्हणत होती की भाऊजी, या आता, ती काही पळून जाणार नाही. दीर म्हणाले, "पळून जाणार नाही, हीच तर तिची अडचण आहे."

त्यांनी गावाला कळवलं की साकव खाली बांधा. आणि गावाला यकृतकेचं मोल कळावं म्हणून आश्विनात स्वतः एक पाटी रंगवून पऱ्याच्या वरच्या भिंतीशी ठोकली. 'यकृतका. अत्यंत दुर्मीळ. हात लावू नये.' ही त्यांची आयुष्यातली सर्वांत मोठी चूक, असं त्यांनी पुढं स्वतःच सांगितलं. गावात यकृत या शब्दाची चौकशी झाली. कोणीतरी सांगितलं की यकृत म्हणजे लिव्हर. लिव्हर म्हटल्यावर पुढचं सांगायची गरज उरली नाही; लिव्हर म्हणजे कावीळ, आणि पावसाळा संपता संपता वाडीत कावीळ घरटी होती. अत्यंत दुर्मीळ म्हटल्यामुळे औषध जालीम असणार, आणि हात लावू नये म्हटल्यामुळे सर ते रत्नागिरीच्या डॉक्टरांना देणार असणार, असा सरळ हिशेब झाला. माणसं विळ्या घेऊन येऊ लागली. शेजारच्या गावातून आली. लोट्याच्या कारखान्यात पाळीला जाणारा एकजण पुडीत बांधून घेऊन गेल्याचं कळलं. दिवाळीच्या सुट्टीत दीर गावी पोचले तेव्हा माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत भिंत लाल झाली होती. हात न पोचणाऱ्या उंचीवर, एका कोपऱ्यात, चादरीएवढा हिरवा तुकडा राहिला होता.

पाटी काढून त्यांनी छत्री उघडली आणि भिंतीशी बसले. सुट्टी संपेपर्यंत ते तिथं बसून होते, आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होते: आकार यकृतासारखा दिसला म्हणून जुन्या लोकांनी नाव दिलं, गुण काही नाही, दवाखान्यात जा. एका म्हातारीनं विचारलं की गुण नाही तर तुमी राखण कशाला करता. याचं उत्तर देताना दीर बराच वेळ बोलले. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, आणि नात खरोखरच पिवळी पडली होती म्हणून ती दवाखान्यातही गेली. दिरांनी तिला एस. टी.चे पैसे दिले, असं ताईचं म्हणणं आहे. दीर ते नाकारत.

तोवर दुसरी अडचण उभी राहिली. देवरहाटीतलं पानही देवाला विचारल्याशिवाय तोडायचं नाही, हा गावचा रिवाज. साकव खाली बांधायचा तर कौल लावावा लागणार होता. गुरवांनी दिरांना सांगितलं की जागा तुम्ही सुचवली आहे, तेव्हा गाऱ्हाणंही तुमच्याच नावानं घातलं जाईल, तुम्ही उभं राहा. दीर देवळात जात नसत. ताईला वाटलं की ते नकार देतील. त्यांनी रात्रभर विचार केला, सकाळी आंघोळ केली, सोवळं नव्हतं म्हणून धुतलेला पायजमा घातला आणि उभे राहिले. गळ्यात भिंग होतं.

मी त्या दिवशी देवळात होतो. गुरवांनी देवाच्या दगडाला उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नाही. मग ते मोठ्यानं म्हणू लागले, "बा म्हाराजा, आज ह्यो तुजा लेकरू तुज्या पायाशी उबा हाय. पऱ्यावर साकव व्हायाचा हाय. तुजी झाडं घिऊन त्येची ती..." इथं ते थांबले आणि मागं वळून म्हणाले, "सर, काय म्हनालात तिला?"

"यकृतका."

गुरवांनी एकदा पुटपुटून पाहिलं, मग शब्द सोडून दिला. "त्येची ती हिरवी पोरं राखूची हायत, म्हाराजा. तुजा काय हुकूम आसंल तो दे."

"व्हय म्हाराजा," जमलेली माणसं म्हणाली.

डावी पाकळी पडली. दिरांनी नम्रपणे सांगितलं की एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, पुन्हा विचारावं. गुरवांनी पुन्हा पाकळ्या लावल्या, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पुन्हा डावीच पडली. तिसऱ्यांदा विचारायची रीत नव्हती. बाहेर पायऱ्यांवर ताई त्यांची चप्पल घेऊन उभी होती. तिला ते एवढंच म्हणाले की निकाल कवकाच्या बाजूनं लागला आहे, कारणं दिलेली नाहीत.

म्हणजे साकव वरच्या भिंतीवर, आणि तोही नेमका त्या उरलेल्या कोपऱ्यावर. गावाच्या दृष्टीनं प्रकरण मिटलं. दिरांच्या दृष्टीनं ते त्या दुपारी सुरू झालं. ते थेट चिरेखाणीवर गेले आणि तिथल्या माणसांना विचारून आले की उभ्या भिंतीतून, दर्शनी बाजूला धक्का न लावता, अख्खे चिरे काढता येतील का. येतील, पण कुदळीनं, हळू, आणि मजुरी जास्त, असं उत्तर मिळालं. मग ते ओव्हरसियरकडे गेले. साकवाचे खांब जांभ्याच्याच चिऱ्यांचे होणार होते आणि चिरे ट्रकनं बाहेरून येणार होते. दिरांचा मुद्दा साधा होता: भिंत फोडायचीच आहे, तर सुरुंग कशाला लावता, तिचेच चिरे काढा आणि खांबाला लावा, हिरवी बाजू बाहेर ठेवून. जास्तीची मजुरी आपण भरू. ओव्हरसियरला यात नियमाविरुद्ध काही सापडलं नाही. वैशाखात चिरे निघाले. त्या वेळी यकृतका सुकून, कडा वळवून, काळ्या खरपुडीसारखी झाली होती. ती मेली नाही, झोपली आहे, असं दीर प्रत्येक मजुराला सांगत होते. प्रत्येक चिऱ्यावर त्यांनी वरच्या बाजूला गेरूचा ठिपका दिला, कारण उलटा बसला तर संपलं. चिरे उत्तरेच्या अंगाला, पूर्वीसारखेच सावलीत, त्याच क्रमानं बसवून घेतले.

आणि मग गिलाव्याची वेळ आली. खांबांना चारही बाजूंनी सिमेंटचा गिलावा कागदावर मंजूर होता. दीर छत्री घेऊन उत्तरेच्या बाजूला, खांबाला पाठ लावून उभे राहिले. मजुरांनी तिन्ही बाजू केल्या, जेवले, आणि सरपंचांना बोलावून आणलं.

सरपंच चिडलेले नव्हते. दमलेले दिसत होते. ते पऱ्याच्या कोरड्या पात्रात उतरून दिरांच्या समोर येऊन उभे राहिले.

"माजं नातवंड ह्या पऱ्याच्या अलीकडं गेलं, सर," ते म्हणाले. "मला साकव मजबूत हवा. तुमचं शेवाळ मला नको."

दिरांनी शब्द दुरुस्त केला नाही. मी त्यांना तो शब्द दुरुस्त न करता ऐकून घेताना त्याच एका वेळी पाहिलं.

"मजबूत हवाच," ते म्हणाले. "गिलावा नाही केला तर सांधे धुऊन जातात, एवढंच ना? दर वर्षी पावसाआधी या बाजूचे सांधे मी भरीन. एक वर्ष चुकलो तर पुढच्या दिवशी गिलावा करा."

"तुमाला थापी धरता येती काय?"

"नाही. शिकतो."

सरपंचांनी खांबावरून हात फिरवला. मजुरांकडे पाहिलं. मग मिस्तरीला सांगितलं की सरांना थापी दे आणि कशी धरतात ते दाखव.

तो पहिला पावसाळा खांबाची ती बाजू काळीच राहिली. श्रावणात गेलो तेव्हा दीर भिंग लावून खांबाशी वाकलेले होते, वरून साकवावरून माणसं जात होती आणि त्यांना काही दिसत नव्हतं. दुसऱ्या पावसाळ्यात एका चिऱ्यावर, सांध्यालगत, नखाएवढं हिरवं आलं. त्याच सुमाराला देवरहाटीतला तो किंजळ आतून पोकळ होऊन एका वादळात पडला आणि पुरात वाहून गेला. पुढच्या भाद्रपदात दिरांनी सगळी रहाटी वाकून पाहिली. शेंदरी वाट्या मिळाल्या नाहीत. तुलना अपुरी राहिली, एक पक्ष गैरहजर आहे, असं ते त्या रात्री ताईला म्हणाले आणि जेवले नाहीत.

थापी मात्र ते शिकले. दर मे महिन्यात, ऊन चढायच्या आधी, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून ते पऱ्यात उतरत आणि चुना-सिमेंटाचा गोळा बोटानं सांध्यात भरून थापीच्या टोकानं दाबत. चिऱ्याच्या तोंडावर एक ठिपका पडू देत नसत. मिस्तरी म्हणे की सरांचा हात हळू आहे, पण सांधा जातो घट्ट. निवृत्त झाल्यावर ते गावीच राहायला गेले. साकवावरून जाणारी पोरं वरून, सर, आली काय, असं ओरडत आणि ते खालून, किती चिऱ्यांवर आली ते सांगत.

१९८९ च्या जानेवारीत ते रत्नागिरीच्या इस्पितळात वारले. आजार यकृताचा होता. ताईनं ते गावी कोणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी मे महिन्यात उत्तरेच्या बाजूचे सांधे सरपंचांनी भरले. श्रावणात ताई आणि मी गेलो तेव्हा साकवावरून शाळेची मुलं जात होती, आणि खांबाच्या पाच चिऱ्यांवर यकृतका होती.